विश्लेषण : जपानी बँडचे ‘सोपे’ गाणे म्हणजे नेमके कोणते? कराओकेसाठी याद्यांपेक्षा मात्रा मोजणे का महत्त्वाचे?

जपानमधील कंपनीत रुजू झालेल्या मराठी अभियंत्याला पहिल्या महिना-दीड महिन्यात तीन कामे उरकावी लागतात. पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवणे, बँकेत खाते उघडणे आणि सहकाऱ्यांसमोर गाणे. पहिल्या दोन कामांना कंपनीचा माणूस सोबत येतो. तिसऱ्याची तयारी कोणी करून घेत नाही. स्वागताची मेजवानी संपते, काही जण शेवटची गाडी पकडायला पळतात आणि उरलेले ‘निजिकाइ’साठी, म्हणजे दुसऱ्या बैठकीसाठी निघतात. ही दुसरी बैठक बऱ्याचदा कराओकेच्या खोलीत भरते. गाणी निवडण्याचा टॅब हातोहात फिरत आपल्यापुढे येतो, खोलीतले सगळे आपल्याकडे पाहतात आणि एन-४ची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र त्या क्षणी काहीही कामाचे नसते.

माझ्या अभियांत्रिकीच्या तुकडीतले काही जण आज नागोया आणि योकोहामा परिसरात आहेत. इथे चाकण, तळेगाव, रांजणगावच्या जपानी कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही प्रशिक्षणासाठी तिकडे जावे लागते. या सगळ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : एखादे सोपे जपानी गाणे सांग ना, बँडचे असले तर बरे, सगळ्यांना माहीत असणारे. या प्रश्नावर इंटरनेटवर ढिगाने याद्या सापडतात. माझे म्हणणे असे की, त्यातल्या बहुतेक याद्या आपल्यासाठी नाहीतच. त्या जपानी माणसाच्या गळ्यासाठी केलेल्या आहेत. आपली अडचण गळ्याच्या आधी जिभेची आणि डोळ्यांची आहे.

कराओकेची खोली आली कुठून?

‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ‘ओकेसुतोरा’ म्हणजे ऑर्केस्ट्राचे लघुरूप. गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद. १९६७ मध्ये शिगेइची नेगिशी यांनी तोक्योत ‘स्पार्को बॉक्स’ नावाचे असे पहिले यंत्र तयार केले. १९७१ मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी, नेगिशींच्या यंत्राशी काही संबंध नसताना, ‘८ ज्यूक’ बनवले आणि बारमालकांना भाड्याने दिले. इनोउए हे बारमध्ये ग्राहकांना साथ करणारे वादक. एका नेहमीच्या ग्राहकाला सहलीत गायचे होते आणि इनोउएंना सोबत जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी त्याला झेपेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून पुढचे यंत्र सुचले. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. २००४ मध्ये त्यांना शांततेचे इग नोबेल मिळाले. माणसांना एकमेकांना सहन करण्याची नवी रीत शिकवली, असे काहीसे कारण देऊन. विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी आहे. हे यंत्र उत्तम गायकासाठी जन्मलेले नाही, हौशी गायकाला सांभाळून घेण्यासाठी जन्मलेले आहे.

आज दिसणारी छोटी बंद खोली, म्हणजे ‘कराओके बॉक्स’, १९८०च्या दशकाच्या मध्यावर ओकायामा प्रांतात जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये सुरू झाली. पुणेकरांना हे नाव ओळखीचे आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे आहे ती ओकायामाचीच. पेटीवर बोटे फिरवणाऱ्या पुलंचे नाव नेमके त्या बागेला मिळावे, हा योगायोगही छान आहे. खोली बंद झाल्यामुळे परक्यांसमोर गाण्याचा संकोच संपला. पण सहकाऱ्यांसमोरचा उरलाच.

‘सोपे’ म्हणजे कोणासाठी सोपे?

जपानी संकेतस्थळांवर सोप्या गाण्यांची यादी करताना मुख्यतः एक कसोटी लावलेली असते : सर्वात खालच्या आणि सर्वात वरच्या सुरात अंतर किती. अंतर कमी असेल तर गाणे सोपे. जपानी माणसाला शब्द आपोआप येतात, त्यामुळे एवढी कसोटी त्याला पुरते. आपल्याला दुसरी कसोटी लागते आणि ती म्हणजे मात्रा.

जपानी भाषा मात्रांवर चालते. ‘तोक्यो’ आपण दोन अक्षरांत संपवतो. जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ अशा चार मात्रा मोजतो. वर्तमानपत्राला ‘शिन्बुन’ म्हणतात. तिथे शि-न्-बु-न्, पुन्हा चार. अर्धा न सुद्धा पूर्ण एक मात्रा खातो आणि गाण्यात त्याला स्वतःचा सूर मिळतो. जोडाक्षरातली थबकण्याची जागाही एक मात्रा. मात्रावृत्त शिकलेल्या मराठी वाचकाला हे समजायला दोन मिनिटे लागतात. जमायला मात्र वेळ लागतो, कारण जुन्या धीम्या गाण्यांत साधारण एका सुराला एक मात्रा असते, तर नव्या रॉक बँडच्या गाण्यांत एका ठोक्यात चार-चार मात्रा कोंबलेल्या असतात.

इथे थोडे गणित करू. गाण्याचा वेग मिनिटाला १०० ठोके आणि प्रत्येक ठोक्यात दोन मात्रा असतील, तर सेकंदाला सव्वातीनच्या आसपास मात्रा उच्चाराव्या लागतात. वेग १८० ठोके झाला तर मात्रा होतात सेकंदाला सहा. जपानी माणूस सहज गप्पा मारताना सेकंदाला सुमारे सात-आठ मात्रा बोलतो. म्हणजे दुसऱ्या प्रकारचे गाणे त्याला बोलण्यापेक्षाही सावकाश वाटते. आपल्याला, दुकानात ‘पिशवी नको’ एवढे वाक्य जुळवायला दोन सेकंद घेणाऱ्याला, ते चालत्या लोकलमध्ये चढण्यासारखे आहे. शिवाय पडद्यावर कांजी अक्षरे येतात, त्यांच्या डोक्यावर बारीक हिरागाना असतात आणि त्यांवर रंग चढत पुढे जातो. वाचायचे, उच्चारायचे आणि सूर धरायचा ही तिन्ही कामे एकाच वेळी. आवाज चांगला असलेली माणसेही इथे अडकतात ती सुरासाठी नव्हे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर डोळे मागे पडतात, आणि मग तोंडातल्या तोंडात पुटपुटणे सुरू होते.

म्हणून गाणे निवडताना माझी पहिली पायरी साधी आहे. गाणे ऐकत टाळी द्यायची. सर्वात गर्दीच्या ओळीत एका टाळीला किती मात्रा पडतात ते मोजायचे. दोनपर्यंत असतील तर घ्यावे. तीनला विचार करावा. चार असतील आणि वेगही जास्त असेल, तर ते गाणे कितीही आवडते असले तरी हेडफोनमध्येच ठेवावे.

‘नारुतो’ची गाणी का फसवतात?

आपल्या पिढीतल्या बहुतेकांची जपानी संगीताशी ओळख अ‍ॅनिमेतून झाली. त्यामुळे टॅब हातात आला की, बोट आधी तिकडे वळते. एशियन कुंग-फू जनरेशनचे ‘हारुका कानाता’, काना-बूनचे ‘सिल्हूएट’, इकिमोनोगाकारीचे २००८चे ‘ब्लू बर्ड’. तिन्ही ‘नारुतो’ मालिकांची सुरुवातीची गाणी, तिन्ही आपल्याला पाठ असल्यासारखी वाटतात.

‘वाटतात’ हा शब्द मुद्दाम वापरला. मालिकेच्या सुरुवातीला वाजणारे गाणे दीड मिनिटाचे असते. कराओकेत बहुधा पूर्ण गाणे लागते, साडेतीन-चार मिनिटांचे. दुसरे कडवे आणि शेवटच्या ध्रुवपदाआधी येणारा वेगळ्या चालीचा तुकडा आपण आयुष्यात कधी ऐकलेला नसतो. पहिल्या दीड मिनिटाला खोली डोक्यावर घ्यायची आणि पुढची अडीच मिनिटे पडद्याकडे बघत उभे राहायचे, हा प्रसंग त्या खोल्यांमध्ये वरचेवर घडत असणार. त्यात ही गाणी वेगवान. सुरुवातीच्या दृश्यांना धावपळ हवी असते, म्हणून संगीतकार तशीच गाणी देतात. ‘ब्लू बर्ड’ वेगवान आहेच, वर त्याचा सूरही उंच झेपा घेतो.

दुसरा सापळा म्हणजे गेल्या काही वर्षांतली लोकप्रिय गाणी. ऑफिशियल हिगेदान्दिझमचे २०१९चे ‘प्रिटेंडर’ कराओकेत प्रचंड गायले गेले. जास्त गायले जाते म्हणून ते सोपे असेल, असा निष्कर्ष काढणे घातक. त्यातले पुरुषी सूर इतके वर जातात की, जपानी तरुणही घसा साफ करून मगच उभे राहतात. किंग नूचे त्याच वर्षीचे ‘हाकुजित्सु’ सुरूच होते ते खोट्या आवाजात. मिसेस ग्रीन अ‍ॅपल या बँडच्या गाण्यांबाबत तर बोलायलाच नको. रॅडविम्प्सचे ‘झेनझेनझेनसे’ हे ‘किमि नो ना वा’ चित्रपटातले, २०१६चे. नावातच जीभ अडखळते, पुढचे वेगळे सांगायला नको.

मग गावे काय?

माझे पहिले मत द ब्लू हार्ट्स या बँडला. त्यांचे ‘लिंडा लिंडा’ १९८७चे. सुरुवात संथ, जवळजवळ बोलल्यासारखी. मग ढोल कोसळतात आणि ध्रुवपदात गाण्याचे नावच पुन्हा पुन्हा येते. पंक प्रकारात सुराच्या नाजूकपणापेक्षा जोर महत्त्वाचा असल्याने आवाज फाटला तरी ते शैलीत मोडते. शब्द रोजच्या वापरातले. १९८८चे ‘ट्रेन-ट्रेन’ही याच जातीचे. पण खरा फायदा वेगळाच आहे. १९८७ मध्ये जो मुलगा शाळा-कॉलेजात होता तो आज पन्नाशीत आहे. म्हणजे बहुधा तो तुमचा विभागप्रमुख आहे. परदेशातून आलेल्या नवख्याने त्याच्या पंधराव्या वर्षीचे गाणे लावले तर तो खुर्चीवर बसून राहणार नाही. ध्रुवपद आले की, निम्मी खोली गात असते आणि तुमच्या चुका त्यात विरून जातात. याच गाण्यावरून नाव घेतलेला ‘लिंडा लिंडा लिंडा’ हा २००५चा चित्रपटही जमल्यास पाहावा. शाळेच्या महोत्सवासाठी मुलींच्या बँडला गायिका हवी असते आणि ती जबाबदारी जपानी जेमतेम येणाऱ्या कोरियन विद्यार्थिनीवर येते. तयारीसाठी यापेक्षा चांगला अभ्यासवर्ग माझ्या माहितीत नाही.

सेकाइ नो ओवारी या बँडचे ‘आरपीजी’ हे दुसरे. हंगामा वाहिनीवर ‘शिन-चान’ पाहून मोठ्या झालेल्यांसाठी खास, कारण ते २०१३च्या शिन-चान चित्रपटाचे गाणे आहे. संचलनासारखा ठेका आहे. ठोका कुठे पडतो हे शोधावे लागत नाही. विशीतल्या-तिशीतल्या सहकाऱ्यांना ते पाठ असते. ‘शिन-चान आमच्याकडेही सगळ्यांनी पाहिलाय, तोही हिंदीत’ एवढे एक वाक्य तयार ठेवले तर पुढचा अर्धा तास बोलायला विषय मिळतो. (त्याचा मराठी घरांतल्या आयांनी केलेला तिरस्कार कसा समजावून सांगायचा, हे ज्याने त्याने पाहावे.)

स्पिट्झचे १९९६चे ‘चेरी’ जवळजवळ प्रत्येक यादीत असते आणि ते योग्यही आहे. चाल सरळ, मात्रा सुटसुटीत, ऐकणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नाही असे होणे कठीण. अडचण एकच. गायक मासामुने कुसानो यांचा आवाज मुळातच उंच आणि हलका आहे. मूळ पट्टीत गाणाऱ्या सामान्य पुरुषाची ध्रुवपदात दमछाक होते. त्यावरचा उपाय पुढे येईलच.

मोंगोल ८०० हा ओकिनावाचा बँड. त्यांचे २००१चे ‘चीसाना कोइ नो उता’ याद्यांमध्ये ‘सोपे’ म्हणून झळकते. ध्रुवपद खरोखर सोपे आणि सामूहिक आहे, पण कडव्यात शब्दांची गर्दी आहे. माझ्या टाळीच्या कसोटीवर ते काठावर पास होते. आठवडाभर सराव केला असेल तरच घ्यावे. नसेल केला, तर दुसऱ्या कोणी ते लावेपर्यंत थांबावे आणि ध्रुवपदाला सामील व्हावे. तेवढ्यानेही काम भागते.

महिला सहकाऱ्यांनी विचारले तर मी इकिमोनोगाकारीचे ‘आरिगातो’ सुचवतो. २०१०चे, एनएचकेच्या सकाळच्या मालिकेचे शीर्षकगीत. त्याच बँडचे ‘ब्लू बर्ड’ बाजूला ठेवायला सांगून त्यांचेच दुसरे गाणे सुचवतो आहे, हे लक्षात घ्या. अवघड किंवा सोपे गाणे असते, बँड नव्हे. किरोरो ही ओकिनावाची दोन मैत्रिणींची जोडी. रूढ अर्थाने बँड नाही, पण १९९८चे त्यांचे ‘मिराइ ए’ इतके संथ आहे की, हिरागाना वाचत वाचत पोहोचता येते. झार्डचे १९९३चे ‘माकेनाइदे’ थोडे वेगवान, पण शब्द स्पष्ट आणि उत्साह देणारे. वरिष्ठ मंडळी साठीकडे झुकलेली असतील तर ट्युलिप बँडचे १९७३चे ‘कोकोरो नो ताबी’ आहे. उन्हाळ्याचे दिवस असतील तर जिटरिन जिनचे १९९०चे ‘नात्सु मात्सुरी’; तरुणांना ते व्हाइटबेरीच्या २०००च्या आवृत्तीमुळे माहीत असते.

शब्द देवनागरीत का लिहून घ्यावेत?

सराव करताना बहुतेक जण रोमन लिपीतले शब्द उतरवून घेतात. मला ही सवय पटत नाही. रोमन ‘टी’ आणि ‘डी’ दिसले की, आपली जीभ टाळूकडे वळते आणि ‘त’चा ‘ट’, ‘द’चा ‘ड’ होतो. जपानीत ट-ड नाहीतच. देवनागरीत लिहिले की, हा घोटाळा मुळातच टळतो.

आपल्याकडे आणखी एक दौलत आहे, जी हिंदीभाषकाकडेही नाही. ‘त्सुनामी’तला पहिला वर्ण उच्चारताना जगभरचे लोक अडखळतात. मराठी माणसाने ‘चूल’ मधला च उच्चारावा, काम झाले. ‘चिमणी’तला च हा वेगळा, आणि जपानीत तोही आहे. दोन्ही च आपल्या तोंडात आधीपासून आहेत. तसेच ‘जाळे’तला ज आणि ‘जीभ’मधला ज. जपानी ‘फु’ काढताना दात ओठाला लावायचे नाहीत. दिव्यावर फुंकर घालतो तसे करायचे. शिवाय काना अक्षरांची मांडणी अ-इ-उ-ए-ओ आणि मग क, स, त, न अशी जाते, ती बौद्ध भिक्षूंबरोबर पोहोचलेल्या सिद्धम लिपीच्या, म्हणजे संस्कृत वर्णमालेच्या क्रमाच्या प्रभावाने. आपल्या बाराखडीची ती दूरची भावंडे आहेत.

लिहिताना वहीत रकाने आखावेत. भातखंडे पद्धतीत बोल मात्रांच्या घरांत लिहितात, तसेच एका घरात एक मात्रा. ‘आरिगातो’ लिहायचे तर आ, रि, गा, तो, ओ अशी पाच घरे. शेवटचे घर गाळले की, गाणे एका मात्रेने पुढे पळते आणि मग शेवटपर्यंत पकडता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थही फिरतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. पन्नाशीच्या सहकारी बाईंसमोर हा फरक गाण्याबाहेरही सांभाळलेला बरा.

एक बारकावा हिरागाना वाचणाऱ्यांसाठी. अक्षर ‘हा’ दिसते, पण विभक्तीप्रत्यय म्हणून आले की ‘वा’ वाचायचे असते. पडद्यावर रंग पळत असताना हे सुचत नाही. वहीत आधीच ‘वा’ लिहून ठेवावे.

मूळ पट्टीत गाण्याचा हट्ट कशाला?

आपल्याकडे गाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात, ‘पट्टी कोणती?’ काळी एक म्हटले की, तबलजी हातोडी घेतो. पेटीवाल्याकडे स्केल चेंजर असेल तर तो पट्टी सरकवतो. यात कमीपणा कोणी मानत नाही. कराओकेच्या टॅबवरही अगदी हीच सोय असते. एकदा बटण दाबले की, अर्ध्या सुराने वर किंवा खाली. असे असताना आपली मुले मूळ पट्टीत गाण्याचा हट्ट का धरतात, हे मला कळत नाही. ‘चेरी’ तीन-चार पायऱ्या खाली आणले की, सामान्य पुरुषाच्या आवाजात बसते. नेमक्या किती पायऱ्या, हे आधी एकदा गाऊन ठरवावे आणि तो आकडा लक्षात ठेवावा. खोलीत, सगळे वाट बघत असताना, पट्टी शोधत बसणे कंटाळवाणे होते. वेगही कमी करता येतो, पण तो फार कमी केला तर सोबत गाणाऱ्यांची पंचाईत होते.

मराठी कानाला जपानी चाली ओळखीच्या का वाटतात, याचेही उत्तर इथेच आहे. जपानी लोकप्रिय संगीतात जुन्या काळापासून ‘योनानुकि’ नावाची सुरावट वापरतात. शब्दशः अर्थ, चौथा आणि सातवा वगळून. म्हणजे मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरतात सा रे ग प ध, आपला भूप! ओकिनावाच्या पारंपरिक सुरावटीत सा ग म प नि लागतात, तिलंगच्या आरोहासारखे. नवे बँड सगळेच सूर वापरतात हे खरे, तरी जुन्या वळणाची चाल निवडली तर लहानपणी पेटीच्या क्लासला गेलेल्याला ती दोनदा ऐकून बसते.

यंत्राने दिलेले गुण खरे मानावेत का?

नाही. यंत्र तुमच्या सुराची मूळ चालीशी तुलना करते, लांबवलेला सूर किती स्थिर राहिला ते पाहते, कंप मोजते. तुम्ही शब्द कोणते उच्चारले हे त्याच्या मोजमापात धरलेले नसते. ‘ला ला ला’ म्हणूनही चांगले गुण पडू शकतात. अभियंत्याला आकडा दिसला की, तो वाढवावासा वाटतो, पण इथे मोजली जाणारी गोष्ट आणि तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. खोलीत बसलेल्यांना तुमचे शब्द कळले की नाही, हे पडद्यावर कुठेच येत नाही.

प्रसंग आणि अर्थ

गाण्याचा अर्थ निदान ढोबळ माहीत असावा. सदर्न ऑल स्टार्सचे २०००चे ‘त्सुनामी’ हे प्रेमगीत आहे, अमाप खपलेले. पण मार्च २०११च्या आपत्तीनंतर प्रसारमाध्यमांनी ते लावणे मोठ्या प्रमाणावर टाळले. खोलीत तोहोकु भागातले कोणी असेल तर आपणही टाळावे. द बूम या बँडचे १९९२चे ‘शिमाउता’ ऐकायला गोड, चालही आवाक्यातली. मात्र त्यामागे १९४५च्या ओकिनावाच्या लढाईतल्या मृत्यूंचे दुःख आहे. ते गाऊ नये असे नाही. टाळ्या पिटत, डफली वाजवत गाऊ नये, एवढेच.

आणखी एक शब्द शिकून जावा : ‘ओहाको’. एखाद्याचे हक्काचे, हुकमी गाणे. हा शब्द लिहितात तो ‘अठरा क्रमांक’ अशा अक्षरांनी, आणि त्याचा संबंध काबुकी रंगभूमीवरच्या इचिकावा घराण्याच्या अठरा निवडक नाटकांशी लावतात. साहेबांचे ओहाको आपण लावू नये. मैफलीत बुवांची हुकमी भैरवी शिष्याने आधी गाऊन टाकण्यासारखे ते होते.

गायचेच नसेल तर?

तर गाऊ नये. आग्रहाने माणसाला गायला लावण्याला जपानीतच ‘काराहारा’, म्हणजे कराओकेचा छळ, असा शब्द तयार झाला आहे. नकार देणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही आणि दुसऱ्या बैठकीला न जाणारे जपानी तरुणही आता पुष्कळ आहेत. खोलीत खंजिरी आणि माराकस ठेवलेले असतात. ते वाजवणे हाही सहभागच.

पण ज्याला गायचे आहे आणि केवळ भाषेच्या भीतीने जो ‘मला येत नाही’ म्हणतो, त्याच्याबद्दल मला वाईट वाटते. कचेरीतल्या बैठकीत त्याची वाक्ये अर्धवट राहतात, दुपारच्या जेवणात विनोद कळेपर्यंत विषय बदललेला असतो. कराओकेची खोली ही अशी जागा आहे, जिथे शब्द लिहून समोर ठेवलेले असतात आणि चार मिनिटे कोणी मध्ये बोलत नाही. इंग्रजी गाणे गाऊन तिथून सुटका करून घेता येते. बीटल्सपासून क्वीनपर्यंत सगळे यंत्रात आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि टॅब पुढे सरकतो. जपानी गाण्यानंतर मात्र कोणीतरी विचारते, हे तुला कुठे सापडले? संभाषण तिथून सुरू होते.

पुण्यातल्या जपानीच्या वर्गांमध्ये स्वतःची ओळख कशी करून द्यावी, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसे द्यावे, किती वाकावे हे घोटून घेतात. ते हवेच. पण जपानला निघालेल्यांच्या तुकडीकडून एकेक गाणे बसवून घ्यायला दोन तासिकांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही. मात्रा, दीर्घ स्वर, अर्धा न, हे सगळे व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा तिथे लवकर भिनते. कंपन्याही प्रवासापूर्वीच्या प्रशिक्षणात सुरक्षिततेच्या चित्रफितींवर दिवसच्या दिवस घालवतात. त्यातला एक तास इकडे द्यायला हरकत नसावी.

तोवर, तिथे पोहोचल्यावर एकट्याने सराव करण्याची सोय आहे. ‘हितोकारा’ म्हणजे एकट्याने कराओके, आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी दर सर्वात कमी असतो आणि बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासाच्या हिशेबाने खोली मिळते. मेजवानीच्या आधीच्या आठवड्यात एकदा जावे, वही सोबत न्यावी, पट्टीचा आकडा पक्का करावा. गाणी दोन तयार ठेवावीत. पहिले आपल्या आधी दुसऱ्याच कोणी लावण्याची शक्यता असते, त्यातही ते ब्लू हार्ट्सचे असेल आणि विभागप्रमुख खोलीत असतील तर जास्तच.